चौदा किलोची कयाक आणि सरांचा बधिर पाय: लातूरची एक केस

लातुरात कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची निमुळती होडी, बांधली म्हणलं की लोक आधी हसतात. हसणारच की, २०१६ च्या एप्रिलात ह्याच गावाला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं होतं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यात पाच लाख लिटर पाणी. पण चांगला पाऊस झालेल्या वर्षी मांजरा धरणाच्या मागं धनेगावकडून जे पाणी पसरतं ते ज्यानं बघितलंय तो हसत नाही. ही केस तिथलीच.

माझा धंदा होड्यांचा नाही. मी कॅलिपर (अधू पायाला आधार देणारे), कमरेचे पट्टे, शुगरवाल्यांचे बूट असलं बनवतो. म्हणजे हाडावर दाब कुठं येतो आणि तो तिथून हलवायचा कसा, हेच दिवसभर चालू असतं. सर माझ्याकडं होडीसाठी आलेच नव्हते, गादीसाठी आले होते.

सर म्हणजे साठीच्या पुढचे, कॉलेजात भूगोल शिकवून रिटायर झालेले, उंची साडेपाच फूट, वजन ७२ किलो, पोहण्यात पक्के. पहाटे पाण्यावर जाऊन पक्षी बघायचा नाद. धरणावरच्या ऑफिसात रीतसर विचारून, लाइफ जॅकेट घालूनच जाणारा माणूस. त्यांच्याकडं प्लॅस्टिकची सिट-ऑन-टॉप कयाक, म्हणजे आत नाही तर वर बसायची, वजन २७ किलो. तक्रारी दोन. एक, वल्हवायला लागल्यावर अर्ध्या तासात उजवा पाय मांडीपासून खाली बधिर होतो, काठावर उतरलं की चार-पाच मिनिटं नीट उभं राहता येत नाही. दुसरी, होडी एकट्यानं उचलवत नाही, कुणीतरी सोबत येईल तेव्हाच जाणं होतं. सरांचं म्हणणं एवढंच की पहिलीवर तू जाड गादी दे, दुसरीचं मी बघतो.

जाड गादी त्यांनी आधीच करून बघितली होती. सोफ्याच्या स्पंजाचे दोन थर, वरून रेक्झिन. झालं काय, स्पंज बुडाखाली दबून कागदाएवढा झाला आणि मांड्यांच्या बाजूनं फुगून राहिला, शिवाय बसायची उंची वाढल्यामुळं होडी डुलायला लागली. कयाकमध्ये बसणाऱ्याचं वजन होडीपेक्षा कितीतरी जास्त असतं, म्हणून सीट एक इंच जरी वर गेली तरी तोल बदललेला लगेच कळतो, आणि डुलणाऱ्या होडीत माणूस नकळत पाय, पोट, मांड्या सगळं आवळून बसतो. म्हणजे बधिरपणाला अजून एक कारण.

आधी सरांना म्हणलं हाडाच्या डॉक्टरला दाखवून या, मणक्याचं काही असलं तर गादीचा विषयच संपला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मणका वयाच्या मानानं ठीक, मांडीच्या मागचे स्नायू मात्र लई आखडलेत. मग कामाला लागलो.

सरांना फरशीवर कयाकसारखं बसवलं, पाय पुढं. दोन मिनिटांत पाठीचा कणा बाहेर आला आणि कमर मागं कलली. हे आखडलेल्या स्नायूंचं काम. मांडीमागचे स्नायू बसायच्या हाडांनाच चिकटलेले असतात, पाय सरळ पुढं केले की ते ताणले जातात आणि त्या हाडांना पुढं ओढतात, त्यामुळं अख्खा कमरेचा खुबा मागं फिरतो. मग माणूस बसायच्या दोन हाडांवर बसायच्या ऐवजी माकडहाडाकडं सरकतो. आमच्याकडं पायाचा ठसा घ्यायची शाईची मॅट असते, त्यावरच सरांना बसवलं (सर लाजले, पण बसले). कागदावर दोन काळे डाग यायला पाहिजेत तिथं तीन आले, तिसरा मधोमध मागं. मग मांड्यांच्या खाली टॉवेलची गुंडाळी सारली. लगेच म्हणाले, "आता पाठ आपोआप सरळ झाली की."

मग माझ्या दृष्टीनं निदान असं: गादी कमी पडत नव्हती, मांडीला आधार नव्हता. मांडी हवेत, टाच टेकलेली, मध्ये काहीच नाही, म्हणजे सगळं वजन बुडाच्या दोन-तीन बिंदूंवर. पायाकडं जाणारी मोठी नस तिथूनच, बसायच्या हाडाच्या बाजूनं खाली जाते. एकीकडून ताण, दुसरीकडून दाब, मग पाय झोपणार नाही तर काय. उजवाच का, तर सर कॅमेरा उजव्या बाजूला ठेवायचे आणि कायम उजवीकडं कलून बसायचे.

एवढ्यावर मी सीट करून दिली असती आणि केस संपली असती. पण सीट कुठं बसवायची हे बघायला सरांसोबत धरणावर गेलो तेव्हा दुसरी तक्रार काय चीज आहे ते कळलं. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी आत गेलेलं. दसऱ्याच्या सुमारास जिथं गाडीतून उतरलं की पाय ओले व्हायचे, तिथून पाणी अर्धा किलोमीटर लांब. मधली जमीन म्हणजे वाळून भेगाळलेली काळी माती, भेग अशी की अख्खा पाय आत जाईल, आणि शेवटचे पन्नास-साठ पावलं गाळ. सरांनी दोन चाकांची ट्रॉलीपण आणली होती. भेगांमध्ये चाकं अडकतात आणि गाळात चिखल चाकाला असा धरतो की चाक फिरायचंच बंद होतं. आम्ही दोघांनी ती २७ किलोची होडी उचलून नेली. पाण्यापर्यंत पोचलो तेव्हा सर कमरेवर हात ठेवून उभे. म्हणजे कमरेला पहिला मार पाण्यावर नाही, जमिनीवरच बसत होता, आणि अशा कमरेनं ते मग होडीत बसत होते. नुसत्या सीटनं अर्धंच काम झालं असतं.

इथं एक सांगून टाकतो. हलक्या होडीचं कौतुक करणारे लोक वेगाचं बोलतात. सरांसारख्याला वेगाचं काय पडलंय, ते बदकांच्या मागं हळूच जाणार. माणूस धरून शंभर किलोतले तेरा कमी झाले तर वल्हवायला फरक पडतो, पण थोडासाच. खरा फायदा आहे पाणी आणि गाडीच्या मधल्या जमिनीवर, आणि मराठवाड्यात ती जमीन दर महिन्याला वाढत जाते. आमच्या इथल्या होडीचं वजन पाण्यानं नाही, मे महिन्यानं ठरवायचं.

मग हलकी होडी कशाची? सर विकत घ्यायच्या मूडमध्ये नव्हते, बांधायची म्हणाले. पहिला विचार फायबरचा, कारण एमआयडीसीत फायबरच्या टाक्या न पत्रे करणारे आहेत. एकाला विचारलं, तो म्हणला तीन थर मॅट (काचेच्या तंतूंची चटई) मारतो, हत्ती बसला तरी फुटणार नाही. पण आम्हाला हत्ती बसवायचा नव्हता. हिशोब केला. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची चटई हातानं रेझिन (घट्ट होणारं चिकट द्रव) मारून घातली की रेझिन चटईच्या दुपटीहून जास्त पितं, एक थर म्हणजे चौरस मीटरला जवळपास दीड किलो. चौदा फुटी कयाकचा वरखाली मिळून पत्रा पाच चौरस मीटर धरा. दोन थरांतच १५ किलो, वर जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर), सांधे, सीट, झालंच २२ च्या पुढं. विणलेलं पातळ कापड आणि इपॉक्सी नावाचं भारी रेझिन वापरून हलकं होतं हे खरं, पण लातूरच्या उन्हाळ्यात शेडखाली इपॉक्सी कालवलं की डब्यातच गरम होऊन बसतं, नवशिक्याचं ते काम नाही.

प्लायवूड शिवून, सांध्यांना टेप लावून करायची पद्धत जगभर चालते, चांगलीच आहे. पण बाहेरच्या देशांतले लोक ओकूमे नावाचं हलकं लाकूड वापरतात, ८ बाय ४ ची ४ मिलीमीटरची शीट सव्वापाच किलोच्या आसपास. आपल्याकडं मरीन प्लाय म्हणून आयएस ७१० ह्या भारतीय मानकाचा जो माल मिळतो तो टणक लाकडाचा, तेवढीच शीट आठ किलोच्या वर जाते. तीन शीटला तिथंच नऊ किलोचा फरक. सुतारानं "हाच घ्या, पन्नास वर्ष बघायला नको" म्हणलं. पन्नास वर्ष सर उचलणार कुठून?

शेवटी ठरलं चौकट आणि कातडी. म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून शिवलेलं कापड, कापडावर लेप. ग्रीनलँडच्या इन्युइट लोकांची ही मूळ पद्धत, ते वाहून आलेलं लाकूड बांधून त्यावर सीलचं कातडं चढवायचे. आणि ते माप टेपनं नाही, अंगानं घ्यायचे: लांबी साधारण तीन वाव (दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर म्हणजे एक वाव), रुंदी कमरेएवढी अधिक दोन मुठी. ज्याची होडी त्याच्याच अंगाची. मला हे लगेच पटलं, माझ्या दुकानात तेच चालतं, तयार साईजचा कॅलिपर कुणालाच नीट बसत नाही. सरांचे तीन वाव पाच मीटरपर्यंत गेले असते, पण गाडी वॅगनार आणि पाणी शांत, म्हणून लांबी ४.३ मीटर ठेवली आणि रुंदी ६४ सेंटिमीटर, इन्युइट शिकाऱ्यापेक्षा बरीच जास्त, कारण सरांना कॅमेरा धरून स्थिर बसायचंय.

लाकडात सर सागावर अडून बसले. किनवटकडचा साग त्यांच्या ओळखीनं मिळत होता. परत हिशोब. २० बाय २० मिलीमीटरच्या सात लांब पट्ट्या, पूर्ण लांबीच्या. सागात जवळपास पावणेआठ किलो, पॅकिंगच्या पाइनमध्ये पावणेसहा. दोन किलो नुसत्या लाकडाच्या जातीत. मशिनरीच्या खोक्यांतून निवडून सरळ रेषांचं, गाठ नसलेलं पाइन काढलं, लांबी कमी पडली तिथं तिरपा लांब सांधा घेतला, सांध्याची लांबी जाडीच्या आठ-दहा पट. आडव्या चौकटी प्लायच्या, मधून पोकळ कापलेल्या. खिळा-स्क्रू जवळजवळ नाहीच, सगळं चांभारी मेणाच्या दोऱ्यानं बांधलं. बांधलेला सांधा थोडा हलतो, आणि हललेलाच बरा, स्क्रूच्या भोकाशी पातळ पट्टी तडकते.

कापडात नायलॉन आणि पॉलिस्टरमध्ये पॉलिस्टर घेतलं. नायलॉन जास्त चिवट आहे पण पाणी पिऊन सैल पडतं, पॉलिस्टर ओलं झालं तरी ताण सोडत नाही आणि गरम इस्त्रीनं थोडं आवळतं. ट्रकची ताडपत्री सगळ्यांनी सुचवली. चालते, पण चौरस मीटरला ६५० ग्रॅमवाली घेतली तर पाच-सहा चौरस मीटरला साडेतीन किलोच्या आसपास कापडच झालं, आणि टोकाला ती घडी नीट घेत नाही. शिवायला दाभण. पोती शिवणारे एक मामा आमच्या गल्लीतलेच, त्यांनी वरची मधली शिवण अशी ओढून घातली की कापडावर बोट मारलं की हलगीसारखं वाजायचं. त्यावर लेपाचे हात.

पण कापड चढवायच्या आधीच सीटचं काम उरकलं, आणि ह्या केसमधलं सगळ्यात कामाचं मला हेच वाटतं. नुसता सांगाडा दोन जुन्या टायरवर ठेवला, सरांना आत बसवलं आणि पेपर वाचायला दिला. एक तास उठायचं नाही. सांगाडा उघडा असताना तळाच्या फळ्या, चौकट, पायाचा टेकू सगळं हलवता येतं, कापड चढल्यावर काही नाही.

सीटचा साचा असा काढला. सुती पिशवीत अर्धी ज्वारी, वर प्लॅस्टिक, त्यावर ओल्या पीओपी बँडेजचे थर आणि त्यावर परत प्लॅस्टिक, मग सर. मांड्या हव्या तेवढ्या उचलून, कमर सरळ करून बसवलं, दाणे सरकून अंगाचा आकार धरतात, दहाएक मिनिटांत पीओपी घट्ट. व्हीलचेअरच्या मापाच्या सीट करताना मण्यांची पिशवी वापरून तिची हवा ओढून घेतात, तेच तत्त्व, आमच्याकडं मण्यांच्या जागी ज्वारी. त्या साच्यात पीओपी ओतून सरांच्या बुडाची हुबेहूब प्रत तयार झाली. दुकानात ती बघून लोकांनी काय काय विचारलं ते इथं लिहीत नाही.

त्या प्रतीवर १० मिलीमीटरचं मऊ ईव्हीए (चपलांच्या तळाला असतो तसला फोम) ओव्हनमध्ये तापवून ओढलं, खाली कडक ईव्हीएचे ठोकळे चिकटवून ग्राइंडरवर घासले. बसायच्या दोन हाडांच्या खाली उथळ खड्डे, मधल्या अंतराचं माप सरांचं साधारण ११५ मिलीमीटर. माकडहाडाखाली आरपार खाच, म्हणजे तिथं काही टेकायलाच नको. आणि पुढं चढ: मांडीखालची कड हाडांच्या पातळीपेक्षा ४ सेंटिमीटर वर, पण कडेला गोल केलेली, नाहीतर तीच कड नस दाबणार. हाडं तळाच्या फळ्यांपासून जेमतेम अडीच सेंटिमीटर वर. मऊ किती ठेवायचं ह्यावर सरांशी वाद झाला, ते बोटानं दाबून म्हणायचे "कडक आहे की रे". बोटानं गादी बघायचीच नसते, बोटाला हाड एकच आणि वजन काही नाही. आकार बरोबर असला की कडक सीट मऊ वाटते, आणि आकार चुकला की मऊ सीट तासाभरात कडक होते.

पाठीला उंच खुर्ची दिली नाही. चौदा सेंटिमीटर रुंद पट्टा, कमरेच्या पट्ट्याच्याच मालाचा, खुब्याच्या वरच्या कडेला टेकेल एवढाच. वल्हवणं हाताचं काम नाही, धड फिरवायचं काम आहे, उंच पाठ असली की धड अडकतं, लाइफ जॅकेट वर ढकललं जातं आणि माणूस रेलून बसतो, परत माकडहाडावर. पायाला पुढंमागं सरकणारा टेकू, गुडघे थोडे वाकलेले आणि बाहेर कललेले. हा टेकू नसेल तर चांगल्यातली चांगली सीटपण काही कामाची नाही, कारण माणूस हळूहळू पुढं घसरतच राहतो.

पेपरच्या तासात दोन गोष्टी निघाल्या. पाय बधिर झाला नाही, पण टाच दुखायला लागली, कडक फळीवर टाचेचं एकच टोक. तिथं ईव्हीएची उथळ वाटी चिकटवली. दुसरं, मधल्या चौकटीची कड डाव्या खुब्याला लागत होती, दोरा सोडून चौकट चार बोटं मागं सरकवली आणि परत बांधली. स्क्रूची असती तर सरांनीच नको म्हणलं असतं. कॉकपिटचं, म्हणजे आत बसायच्या जागेचं, तोंड मुद्दाम लांब ठेवलं, ८५ सेंटिमीटर, म्हणजे बसल्या बसल्या एक गुडघा वर घेता येतो, पाय बाहेर काढून डेकवर (होडीच्या वरच्या पाठीवर) ठेवता येतो. सीट कितीही चांगली करा, दर वीसेक मिनिटांनी बसणं बदलता आलं पाहिजे, आखडलेल्या स्नायूंना दुसरं औषध नाही. स्नायू सैल करायचे व्यायाम डॉक्टरांनी दिलेच होते, सर ते करतात असं सर सांगतात.

सीट आधी वेल्क्रोवर ठेवली. पाण्यावर सर बसल्यावर मागचं टोक जास्त बुडत होतं, तीन बोटं पुढं घेतल्यावर होडी सपाट झाली. शेवटपर्यंत वेल्क्रोच ठेवली, कारण आपल्या उन्हात बंद गाडीत ईव्हीए आकसतं, सीट काढून घरात नेलेली बरी.

सगळं धरून होडी भरली चौदा किलोच्या जरा खाली. त्यात सीट ६५० ग्रॅम, आधीची क्लिपवाली पाठीची खुर्ची न स्पंज मिळून ह्याच्या तिप्पट होती. ह्या प्रकारच्या होडीला बंद कप्पे नसतात, पाणी भरलं की ती खाली जायला बघते, म्हणून दोन्ही टोकांत मिळून पाच लिटरचे सहा रिकामे कॅन बूच घट्ट लावून बांधले, लिटरला किलोचा उचल, म्हणजे तीस किलो. हे केल्याशिवाय पाण्यात न्यायची नाही हा माझा एकच नियम होता. काठाजवळ उथळ पाण्यात मुद्दाम उलटवून, बाहेर पडून बघितलं, मगच सर आत गेले.

धरणावरचे मासेमारी करणारे भोई थर्माकोलच्या चप्पूवर (छोट्या तराफ्यावर) असे फिरतात की बघत राहावं. त्यातले एकजण होडीला बोटानं टिचक्या मारून म्हणाले, "गुरुजी, ह्या कापडात बसूलालात व्हय? वेड्या बाभळीचा काटा घुसला म्हंजे?" प्रश्न शंभर टक्के बरोबर. काठावर वेडी बाभळ माजलेली आहे, पाणी चढलं की तिचीच खुंटं पाण्याखाली. त्यांनीच कुठं खुंटं आहेत, कुठं जाळ्याच्या काठ्या आहेत ते सरांना दाखवलं. काटा घुसलाच एकदा, बारीक ओल यायला लागली, सरांनी काठावर येऊन कापडाचा तुकडा न सोल्यूशन लावलं आणि परत गेले.

आता स्थिती अशी. सर एकटे होडी खांद्यावर घेऊन भेगांची जमीन ओलांडतात, मध्ये एकदा टेकतात. दोन तास बसतात, पाय बधिर होत नाही. उतरताना गुडघे मात्र अजून धरतात, आणि सीटमध्ये साचलेलं पाणी बुडाखाली राहायचं म्हणून मागाहून एक नाळ कोरावी लागली. कॅमेरा आता मधोमध, डेकवरच्या पट्ट्यात.

पावसाळ्यात पाणी परत रस्त्याजवळ आलं तेव्हा सर म्हणाले, आता वजनाचं एवढं काही नाही, तर होडीच्या तळाच्या मधल्या कण्यावर कापडाचा अजून एक थर लाव, खुंटांसाठी. लावला, सहाशे ग्रॅम वाढले. मार्चनंतर तो काढायचा की ठेवायचा ह्यावर आमचं अजून ठरलेलं नाही. मॅडमना पण होडी पाहिजे म्हणतात, त्यांची उंची पाच फुटाच्या आत, सरांची सीट त्यांना चालणार नाही, चौकटपण रुंद पडेल. त्यांना पुढच्या आठवड्यात ज्वारीच्या पिशवीवर बसायला बोलावलंय.